मूल बरे असताना आणावे

डॉक्टरकडे बरं नसताना जायचं असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून रामदासपेठेतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो आणि फाटकावरची पाटी वाचली, तेव्हा रंगाऱ्याने काहीतरी घोळ घातला असावा असंच मला वाटलं. पाटीवर डॉक्टर सुखदेव्यांचं नाव होतं, त्याखाली 'बालरोगतज्ज्ञ', आणि त्याखाली दोन ओळी: 'नवीन मुलांची नोंद बुधवारी दुपारी. मूल बरे असताना आणावे.'

माझी वैजू तेव्हा चार महिन्यांची होती आणि चांगली ठणठणीत होती. घरमालकच मुलांचा डॉक्टर, तेव्हा आज ना उद्या त्यांच्याकडे जाणं आहेच, असा विचार करून मी बुधवारी तिला घेऊन खाली उतरले. ओसरीत टेबलामागे रघुजी कंपाउंडर बसले होते. टक्कल, जाड काचांचा चष्मा, आणि एकूण जगावरच नाराज असलेला चेहरा.

"पोट्टीले काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही झालं."

"मंग ठीक आहे. बसा."

त्यांनी एका कार्डावर वैजूचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि पत्ता लिहिला. पत्ता म्हणजे तेच घर, वरचा मजला. तोही त्यांनी मला तोंडाने सांगायला लावला. मग आत पाठवलं.

आत डॉक्टर खुर्चीवर नव्हते. ते जमिनीवर, एका पाटावर बसले होते. उंच, सडपातळ, सावळा माणूस. गुडघे पार छातीपर्यंत आलेले. पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याचा खिसा एका बाजूने उसवून लोंबत होता. पुढे कळलं, तो खिसा दर आठवड्याला शिवला जाई आणि दर आठवड्याला कुठलं तरी पोर त्याला लोंबकळून तो पुन्हा उसवी.

"या जी, या," ते म्हणाले. माझ्यामागे कुणी पोक्त माणूस आला असेल म्हणून मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. ते वैजूला म्हणत होते.

मला त्यांनी सतरंजीवर बसायला सांगितलं आणि नंतर बराच वेळ माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या मुठीत आपलं बोट दिलं. तिच्या तळव्याला हात लावला. ती खिडकीकडे बघत होती, तर तेही खिडकीकडे बघत बसले. मग तिला एक खुळखुळा दिला. पोरगी हरखली, दोन्ही हातांनी तो तोंडाकडे नेऊ लागली. आणि अगदी त्याच क्षणी त्या भल्या माणसाने तो तिच्या हातातून काढून घेतला.

वैजूने जो टाहो फोडला तो माझ्या काळजात गेला. मी रागाने काही बोलणार, तर हे महाशय मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून ऐकत बसलेले. गाण्याच्या बैठकीत समेची वाट बघत बसावं तसे! मग त्यांनी डोळे उघडले, खुळखुळा परत दिला आणि तिला नमस्कार केला.

"झाली आपली वळख," ते तिला म्हणाले. आणि मला, "राग नका मानू, बाई. बरी असताना कशी रडते थे ऐकाचं होतं. उद्या आजारी पडली नं, तं मले फरक समजते."

हे सुखदेवे डॉक्टर. पुढे पंधरा-सोळा वर्षं आम्ही त्यांच्या डोक्यावर राहिलो. त्यांच्याबद्दल सांगायचं तर त्यांच्या कानांबद्दल आधी सांगायला हवं, कारण ते कानांनी डॉक्टरकी करत. फाटकाशी रिक्षा थांबून आतलं पोर रडलं की ते आतूनच रघुजींना ओरडून सांगत, "कान दुखून राहिला त्याचा, पहिले त्याले पाठवा." ओसरीत दहा पोरं एकदम रडत असली तरी कोणतं कोणाचं हे त्यांना कळे. छातीला नळी लावली की खोलीत कुणी श्वास मोठ्याने घेतलेला चालत नसे. इतर डॉक्टर ज्या पोरांची छाती साफ म्हणून सोडून देत, त्यांच्या पाठीवर एका ठिकाणी नळी दाबून हे म्हणत, "इथे आहे पहा चोर." त्यांचं सगळं भांडवल म्हणजे ते दोन कान. ते जायला लागले तेव्हा त्यांच्यावर काय वेळ आली, ते मी जवळून पाहिलं.

पण ती पुढची गोष्ट.

नोंदीच्या नियमाचा अर्थ असा नव्हता की आजारी पोराला ते परत पाठवत. आजारी मूल कधीही आणा, अर्ध्या जेवणावरून उठून बघत. त्याचं कार्ड मात्र होत नसे. बरं झालं की सांगत, "आता बुधवारी आणा. आतापर्यंत मी याचा ताप पाहिला, याले नाही पाहिलं."

आणि इथेच सगळी पंचाईत होती. आपल्याकडे कुठली आई, त्यातून कुठली आजी, चारचौघांत म्हणेल की माझं पोर छान आहे? नजर लागायची! बुधवारी दुपारी ओसरीत गालावर तीट लावलेली, गुटगुटीत, हसरी पोरं मांड्यांवर उड्या मारत आणि त्यांच्या आया एकमेकींना सांगत, "काहीच खात नाही हो," "नुसता हाडांचा सापळा झाला."

गांधीबागेतल्या एका कापडवाल्यांच्या घरची म्हातारी मला आठवते. नातू असा, की दोन बायकांनी आळीपाळीने उचलावा. म्हातारी डॉक्टरांना सांगत होती, "काडी झाला जी माझा राजा. दूध नाई, भात नाई."

डॉक्टर म्हणाले, "आजी, पोट्टा तं मस्त आहे तुमचा. काहीच नाही झालं याले. हो नं?"

"असं कसं म्हणू बाप्पा!" म्हातारीने चटकन पदर नातवाच्या तोंडावर टाकला.

"पण मले नोंद कराची आहे. बरा आहे म्हणून सांगा."

"मी नाई सांगत."

कितीतरी वेळ ही झकाझकी चालली. दोघंही हटेनात. शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. "असं करू, आजी. मी विचारतो. बरा नसंन तं बोला. बरा असंन तं चूप राहा."

म्हातारीने विचार केला. तिला त्यात काही अशुभ दिसेना. डॉक्टरांनी विचारलं, "काही होऊन राहिलं का याले?" आणि म्हातारी ओठ घट्ट मिटून बसली. डॉक्टरांनी रघुजींना हाक मारली, "लिहा. बरा आहे."

त्या दिवसापासून हीच रीत पडली. बुधवारी आत गेल्यावर डॉक्टर विचारत, "काही होऊन राहिलं का?" आणि आया गप्प बसत. गप्प म्हणजे बरं. नव्या येणाऱ्या बायकांना जुन्या बायका बाहेरच शिकवून ठेवत, "आत काही बोलू नको वं. चूप राहिलं की कार्ड होते." मला तेव्हा ही मोठी गंमत वाटे. संध्याकाळी यजमानांना मी नकला करून दाखवत असे.

आमच्या गल्लीतली दोन-तीन घरं मात्र त्यांच्याकडे येत नसत. सुखदेवे हे आडनाव वाचून ती पुढे जात आणि पोरांना सीताबर्डीला नेत. का ते कुणी बोलत नसे, आणि सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या देशमुखीणबाई तर मला हळूच विचारत, "तुम्ही त्यांच्याकडचं पाणीसुद्धा पिता का हो?" मी म्हणे, "पाणी कसलं, चहा पिते. वर त्यांच्या बायकोच्या हातचा चिवडा खाते." मेच्या एका दुपारी देशमुखीणबाईंच्या मुलाला उन्हाने फेफरं आल्यासारखं झालं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, रिक्षा नाही. बाई अनवाणी धावत आल्या. डॉक्टरांनी त्याला ओल्या पंच्यात गुंडाळलं, तासभर मांडीवर घेऊन बसले. पोरगं डोळे उघडून बघायला लागलं तेव्हा त्याला म्हणाले, "या जी. लय उशीर केला तुम्ही." बाईंना ते लागलं असावं, कारण त्या रडायला लागल्या. डॉक्टरांनी मात्र ते पोरालाच म्हटलं होतं, आणि तेवढंच म्हटलं. पुढच्या बुधवारी बाई मुलाला घेऊन ओसरीत बसल्या होत्या, ओठ मिटून.

'घाबरू नका' हे डॉक्टरलोकांचं पेटंट वाक्य त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. एखादी आई थरथरत आली की म्हणत, "घाबरा नं. घाबराची गोष्टच आहे. पण घरी जाऊन नका घाबरू, इथे बसून घाबरा." आणि तिला तिथेच बसवून ठेवत, शिवाय बायकोला चहा टाकायला सांगत. सुई टोचायची असली की पोराच्या डोळ्यांत बघून सांगत, "दुखणार आहे जी. मी खोटं नाही बोलत." पोरं बोंबलत, पण पुढच्या खेपेला त्यांच्याच खिशाला लोंबकळत.

त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना मला म्हटलं, "यांले आता चार वेळा हाक माराव लागते. आणि वरून मलेच म्हणते, तू हळू बोलतेस."

मी ते हसण्यावारी नेलं. पण मग माझ्याही लक्षात यायला लागलं. फाटक वाजलं तरी त्यांची मान वर होईना. खुळखुळा काढून घेतल्यावर पूर्वी ते मान कलती करून बसत. आता चेहरा पोराच्या अगदी तोंडाजवळ नेत. छातीची नळी त्यांनी बदलली. मग ती नवीही बदलली. रघुजींना म्हणाले, "आजकाल रबर चांगलं नाही येत." रघुजी काही बोलले नाहीत. त्या नाराज माणसाचं ते गप्प बसणं मला बरं वाटलं नाही.

एकदा मी भाडं द्यायला खाली गेले, तर ते एकटेच पाटावर बसून स्वतःच्याच छातीला नळी लावून ऐकत होते. मला पाहून त्यांनी ती पटकन काढली. मग, लपवण्यात अर्थ नाही असं वाटलं असेल, म्हणाले, "ऐकू येते, बाई. पण दूरून आल्यासारखं येते." मग म्हणाले, "कान गेले तं मी डॉक्टर कायचा? हात तं कोणालेही असते." तेवीस पोरं बाहेर बसली आहेत असं काहीतरी मी सांगितलं, आणि ते उठले.

त्यांनी थांबायला हवं होतं का? शांताबाई म्हणत, हो. रघुजी म्हणत, शहरात दुसरा आहे कोण. डॉक्टर काहीच म्हणत नसत, बुधवारी पाटावर जाऊन बसत. बावन्न-त्रेपन्नाच्या वयात माणसाने आपलं सगळं भांडवल संपलं असं कसं मान्य करावं? मलाही ते त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं.

मग लीला आली.

संत्र्याचा हंगाम होता. नरखेडकडच्या एका खेड्यातून ही बावीस-तेवीस वर्षांची बाई पहाटेच्या एसटीने एकटीच आली होती. नवरा संत्र्याच्या तोडणीत गुंतलेला. कडेवर वर्षाचं पोर, शालीत गुंडाळलेलं. त्या बुधवारी ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी फाटकाशी भाजीवाल्याशी घासाघीस करत उभी होते, तेव्हा ती आत जाताना दिसली आणि अर्ध्या-पाऊण तासाने कार्ड हातात घेऊन बाहेर येताना दिसली. चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद. फाटकाबाहेर पाच-सहा पावलं गेली असेल, इतक्यात शालीतून खोकल्याची उबळ आली. साधा खोकला नव्हता तो. पोर खोकायचं थांबलं तरी त्याचा श्वास घुरघुरत राहिला, आणि तो मला भाजीवाल्याच्या गाडीपाशी ऐकू आला.

मी तिच्याजवळ गेले. "बाळाला खोकला झालाय का गं?"

तिने दचकून दवाखान्याकडे पाहिलं. "हळू बोला वं बाई. डॉक्टरले नका सांगू. आत्ताच नाव लागलं."

"म्हणजे? आत सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? बिमार पोट्ट्याचं नाव नाई घेत नं ते! आमच्या गावची बाई सांगे, चांगलं असंन तंच घेते, मंग जलमभर पाह्यते. तीन दिवसापासून खोकलून राहिला हा. म्या सकाळी अद्रक-मध चाटवला, गाडीत झोपवत आणला. देवानं लाज राखली, आत एक डाव खोकलला नाई." तिचा स्वर खाली गेला. "त्यांनी विचारलं, काही होऊन राहिलं का. म्या चूप राहिली. बायांनी सांगितलंच होतं."

मी तिचा हात धरला आणि तिला परत आत घेऊन आले. ती "नको वं बाई, नको" म्हणत होती. रांगेतल्या बायका कुरकुरल्या. मी सरळ आत गेले आणि डॉक्टरांना, जरा मोठ्याने, सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी शाल बाजूला केली. पोराच्या नाकपुड्या फुलत होत्या. त्यांनी पाठीला नळी लावली, ऐकलं. जागा बदलली, पुन्हा ऐकलं. मग त्यांनी ती नळी आपल्या कानांतून काढली आणि माझ्याकडे धरली.

"बाई, तुम्ही ऐका. काय ऐकू येते सांगा."

मी आयुष्यात कधी ती कानाला लावली नव्हती. त्यांनी ती पोराच्या पाठीवर धरली. आत ओलं लाकूड चुलीत घातल्यावर तडतडतं तसा आवाज येत होता, प्रत्येक श्वासाला. मी तसं सांगितलं. "आणि इथे?" इथेही. "इथे?" इथे जास्त.

डॉक्टरांनी नळी घडी करून खिशात घातली. खिसा उसवलेला होता, ती खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. लीलाला म्हणाले, "चला. मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी येतो."

"मले माफ करा जी," लीला रडत म्हणाली. "नाव काटू नका त्याचं."

"नाव कोणीच नाही काटत," ते म्हणाले. "तुमची काही चूक नाही, माय. पाटी माही, रीत माही."

रिक्षाने ते स्वतः तिच्याबरोबर गेले. ओसरीतल्या बायकांना रघुजींनी वाटेला लावलं. मी वर आले, पण हाताला काम सुचेना. संध्याकाळ उलटून गेल्यावर डॉक्टर परतले, तेव्हा मी आणि शांताबाई ओट्यावरच बसलो होतो. पोराला ऑक्सिजन लावला होता. वाचेल, म्हणाले. आणि खरंच, आठवड्याभरात ते लीलाच्या कडेवरून हसत घरी गेलं. पण त्या संध्याकाळी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर पायरीवर बसले. बराच वेळ चप्पलसुद्धा काढली नाही.

"खुळखुळा मी काढून घेतला होता, बाई," ते म्हणाले. "रडला थो. बारीक रडला. एवढ्या मोठ्या पोट्ट्याचं इतकं बारीक रडणं, मले खटकाले पाहिजे होतं. पण आजकाल सगळेच बारीक रडते. मले वाटलं, माह्या कानाचं आहे."

शांताबाईंनी तोंडाला पदर लावला. मीही रडले. पोर वाचो न वाचो, त्या माणसाचं काय गेलं ते त्या एका वाक्यात मला कळलं. ऐकू कमी येतं हे त्यांनी एकवेळ सोसलं असतं. पण पोर अशक्त आहे की आपला कान, हेच कळेनासं झालं तर बसायचं कुणाच्या भरवशावर?

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. त्याने पाटीवरच्या खालच्या दोन ओळींवर पांढरा हात फिरवला. रघुजी फाटकाशी उभे राहून त्याच्यावर डाफरत होते, जसं काही सगळा अपराध त्याचाच. "काहून मिटवून राहिला बे? नीट तं मिटव!" नवीन मुलांची नोंद त्या दिवसापासून बंद झाली.

जुनी मुलं ते बघत राहिले. बरं असताना ज्याला नीट पाहिलं होतं, त्याच्यात काय बिघडलंय ते त्यांना डोळ्यांनीही कळे. पण छातीचा जरा संशय आला की स्वतः काही न ठरवता पोराला गल्लीच्या टोकाला पाठवत. तिथे कुंदा नावाच्या तरुण डॉक्टरने नुकताच मुलांचा दवाखाना काढला होता. ती त्यांची विद्यार्थिनी. कानात घालायचं यंत्रही त्यांनी आणून बघितलं. ते पोरांच्या रडण्याबरोबर शिट्ट्या घाली. पोरं रडायची थांबून त्याच्याकडे बघत. "चला, काही तं उपयोग झाला," असं म्हणून त्यांनी ते टेबलाच्या खणात टाकलं. हसत म्हणाले, पण त्यानंतर फार हसले नाहीत. जुनी मुलं मोठी होत गेली, शाळा-कॉलेजात गेली. ओसरी दर वर्षी थोडी थोडी रिकामी होत गेली. नव्या आया येत, विनवत. गाडीने येत, ओळखी काढून येत. ते हात जोडून नाही म्हणत.

आणि मग त्यांनी भिलाईला मुलीकडे जायचं ठरवलं. घर भावाच्या नावावर केलं. सामान बांधायला सुरुवात झाली होती, त्याच आठवड्यात फाटक उघडून लीला आत आली. अंगाने भरली होती. हाताशी तो मोठा पोरगा, चांगला दांडगा, आणि कडेवर दुसरं, तीनेक महिन्यांचं. डॉक्टर, शांताबाई आणि मी ओट्यावर होतो.

"याचं नाव लावा, डॉक्टर," तिने सांगितलं.

"नोंद बंद केली, माय. जमाना झाला."

"मले माहीत हाय. तरी लावा."

डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा तिने ते बाळ त्यांच्या पुढ्यात धरलं. "याले काहीच नाई झालं जी," ती म्हणाली. "बरा हाय. एकदम बरा हाय."

डॉक्टरांनी कानामागे हात धरला. "काय म्हणता?"

लीलाने आजूबाजूला पाहिलं. शांताबाई होत्या, मी होते, फाटकाबाहेर दोन अनोळखी बायका चालल्या होत्या. तिने डोळे मिटले आणि सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्याने ओरडून सांगितलं, "बरा हाय! माहा पोट्टा बरा हाय!"

त्या बायका थबकून बघायला लागल्या. लीलाने बाळ तसंच पुढे धरून ठेवलं. आईने असं बोलायचं नसतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

डॉक्टरांनी ऐकलं. बाळाला त्यांनी आपल्या हातांत घेतलं आणि म्हणाले, "चला तं मंग. नाव लावू याचं." आम्हाला वाटलं ते आत जातील. ते फाटकाबाहेर पडले. लीला, तिचा मोठा आणि मी मागोमाग. ते बाळाला घेऊन सरळ गल्लीच्या टोकाला, कुंदाच्या दवाखान्यात गेले आणि इतर बायकांबरोबर बाकावर बसले.

तिथे टेबलामागे एक मुलगी होती. तिने नाव विचारलं, गाव विचारलं. "याआधी कोणत्या डॉक्टरांना दाखवत होता?" लीलाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बाळाचे पाय हातात घेऊन निरखत होते. "कोणालेच नाई," लीला म्हणाली. "ह्याइले दाखवाले आणला होता. ह्याइनं इथं आणला."

त्यांची पाळी आली तेव्हा कुंदा स्वतः दारात आली. "सर, तुम्ही पण आत या ना." ते तिच्या हाताच्या खुणेवरून समजले. बाळ लीलाकडे देत कुंदाला म्हणाले, "पेशंट तुमचा आहे. मी इथे बसतो."

दार बंद झालं. बाकावर मी, डॉक्टर, आणि इतर आया. डॉक्टरांचे रिकामे हात मांडीवर होते. थोड्या वेळाने आतून बाळ रडलं. सुई असेल, काहीही असेल. बाकावरच्या सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. डॉक्टरांची वळली नाही. त्यांनी आमचे चेहरे पाहिले, आणि मग माझ्याकडे वळले.

"रडला का?"

मी मान हलवली.

"कसा?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "मोठ्यांदा," मी म्हटलं. "अगदी खणखणीत."

"बस, मंग बरा आहे," ते म्हणाले, आणि बाकाखाली सरकलेली चप्पल पायाने शोधू लागले.